हिरव्याशेजारी हिरवा

लॅन वायरीचं पहिलं टोक मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवलं. घरात तेवढीच जागा सपाट आणि उजेडाची होती. डाळीचे डबे मागे सारले, भाजी चिरायच्या फळीवर वायर ठेवली, वरचं निळं साल सोललं आणि आतल्या आठ तारा मोकळ्या केल्या. त्या चार जोड्यांत असतात. प्रत्येक जोडीत एक तार पूर्ण रंगाची आणि दुसरी पांढरी, त्याच रंगाची रेघ असलेली, आणि दोन्ही एकमेकींना पीळ घालून बसलेल्या. तो पीळ टोकाशी सोडायचा, तारा बोटांनी सरळ करायच्या, ठरलेल्या क्रमाने शेजारी-शेजारी धरायच्या, एका रेषेत कापायच्या, प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये सरकवायच्या आणि क्रिम्परने दाबायच्या. कट्ट असा आवाज येतो. कुरडया घातलेल्या बाईला त्यात अवघड काही नाही.

गावात माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्त्या, परीक्षांचे आणि प्रवेशांचे अर्ज. गाव अंबड तालुक्यात, शहागडच्या हायवेपासून चौदा किलोमीटर आत. फायबर आली ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या एका डब्यापर्यंत. तिथून रस्ता ओलांडून, पिठाच्या गिरणीच्या पत्र्यावरून, लिंबाच्या फांद्यांतून माझ्या केंद्रापर्यंत नेट आणून देणं हे कोणाचंच काम नव्हतं. फायबरवाल्यांच्या तालुक्याच्या माणसाला मी फोन करायची, तो ‘उद्या येतो’ म्हणायचा. महिनाभर त्याचे उद्या ऐकले आणि मग जुन्या जालन्यात जाऊन वायरीचं अख्खं खोकं घेऊन आले.

दुकान कापडवाल्यांच्या बोळात होतं, एका शटरचं. दुकानदार एकाच वेळी तीन गिऱ्हाइकांशी बोलत होता. त्याने वायरीचा तुकडा घेऊन माझ्यासमोर एक टोक बसवून दाखवलं.

“बघा ताई, एक डाव दाखवतो. मंग घरी करून बघा. बिलकुल सोपंय.”

“रंगांचा क्रम लिहून द्या.”

“लक्षात राहतो हो.”

“तुमच्या राहत असेल. मला लिहून द्या.”

त्याने जुन्या कॅलेंडरच्या पानामागे लिहून दिलं. मी क्रिम्पर, कनेक्टरची पिशवी आणि टेस्टर घेतला आणि दुपारच्या एसटीने परत आले.

घरी तो कागद वाचला. पांढरा-केशरी, केशरी. ठीक. पांढरा-हिरवा. पुढे हिरवा यायला हवा, तर त्याने लिहिला होता निळा. मग पांढरा-निळा, आणि त्यानंतर कुठे हिरवा. शेवटी तपकिरी जोडी. म्हणजे तीन जोड्या नीट शेजारी-शेजारी आणि हिरव्या जोडीच्या मधोमध निळी घुसलेली. घाईत चुकलं त्याचं, मला दिसलंच. लोकांचे अर्ज तपासण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. आडनावाच्या चौकटीत नाव, जन्मतारखेच्या जागी अर्जाची तारीख, असल्या चुका मला कागद हातात घेतल्याबरोबर दिसतात. मी पेन घेतलं, हिरवा त्याच्या पांढऱ्याशेजारी आणला, निळा पुढे सरकवला. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

टेस्टरचे दोन तुकडे असतात. वायरीच्या एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा. बटण दाबलं की एक ते आठ दिवे ओळीने लागतात. माझे आठही लागले. क्रमाने लागले. दोनदा बघितले. दोन हात लांबीची ती वायर ग्रामपंचायतीत नेऊन डब्याला आणि तिथल्या संगणकाला लावली आणि नेट सुरू झालं. त्यानंतर शाळेला करून दिली, दूध संकलनाच्या काट्याजवळच्या संगणकाला करून दिली, मेडिकलवाल्याला दिली. सगळ्या सिमच्या राउटरपासून संगणकापर्यंतच्या आखूड वायरी होत्या आणि सगळ्या चालल्या. लोक म्हणायचे, ताईंना वायरीतलं कळतं. मीही तसंच मानायला लागले.

ग्रामपंचायत ते माझं केंद्र ही लांब वायर मात्र पहिल्या दिवसापासून त्रास देत होती. ऐंशी-एक मीटर असेल. बंद पडायची नाही, पण धडही चालायची नाही. साधं पान उघडायचं. फाइल चढवायला घेतली की मध्येच थांबायची. कधी चढायची, कधी नाही. पूर्ण बंद पडली असती तर बरं झालं असतं, मी ती उतरवून फेकली तरी असती. अर्धवट चालणाऱ्या गोष्टीत माणूस अडकून पडतो.

मी एकेक कारण शोधत गेले. आधी लिंबाच्या फांद्या तोडून घेतल्या. मग ऊन लागतं म्हणून वायर पाइपातून नेली. मग लक्षात आलं की गिरणी चालू झाली की जास्त अडतं. गिरणीवाल्याकडे गेले. दळणाला आलेल्या चार-पाच बाया डबे घेऊन बसल्या होत्या.

“भाऊ, तुमची मोटार चालू झाली की माझं नेट पडतं.”

“आन तुमचं नेट चालू झालं की माझं पीठ जाड येतं. मी काही बोललो का?”

बाया हसल्या.

“मी थट्टा करत नाही.”

“ताई, वायर माझ्या पत्र्यावरून तुम्ही नेली. मी मोटार तुमच्या घरावरून नेल्ती का?”

मी वायर पत्र्यापासून तीन फूट वर उचलून बांधली. थोडा फरक पडला. तेवढ्यावरून गुन्हेगार गिरणीच, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. अधूनमधून टोकं कापून नवी बसवायची, हा माझा दुसरा उपाय. कनेक्टर सैल झाला असेल म्हणायचं, दोन इंच वायर कापायची, कपाटाच्या दारावरच्या कागदाप्रमाणे रंग लावायचे, दाबायचं. प्रत्येक खेपेला काम आधीपेक्षा सफाईदार व्हायचं. प्रत्येक खेपेला आठ दिवे लागायचे. असं दोन वर्षं चाललं.

आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक बाई राहते. शाळेत पोरांची खिचडी शिजवते. नवरा ट्रकवर, महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी घरी. तिच्या थोरल्या मुलीने बारावी सायन्स केलं आणि नर्सिंगची प्रवेश परीक्षा दिली. तिचे सगळे अर्ज मीच भरले होते. तिला पहिल्याच यादीत सरकारी कॉलेजात जागा मिळाली. सरकारी म्हणजे फी नावाला, राहायला हॉस्टेल आणि बाहेर पडताना हातात नोकरीची जवळजवळ खात्री. गावातून असं कोणाचं झालं नव्हतं. आता फक्त सहा कागद वेबसाइटवर चढवून जागा पक्की करायची होती. नॉन-क्रिमिलेअरचा दाखला आदल्या दिवशी संध्याकाळी हातात आला, त्यामुळे काम शेवटच्या दिवसावर गेलं. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. पाच वाजता जागा पक्की नसेल तर ती दुसरीला.

मुलगी सकाळी अकरालाच फाइल घेऊन आली. गावात लाइट नव्हती. मोबाइलच्या टॉवरच्या बॅटऱ्या चोरीला गेल्यापासून लाइट गेली की मोबाइलचं नेटही जातं, म्हणून मोबाइलवरून काही करण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्याकडे आणि ग्रामपंचायतीत इन्व्हर्टर आहे, त्यामुळे वायरीचं नेट चालू होतं. मी म्हटलं, “बस. पंधरा मिनिटांचं काम आहे.”

दहावीची मार्कलिस्ट चढली. बारावीची अर्ध्यात थांबली. पुन्हा चढवली, पुन्हा थांबली. मग वेबसाइटने बाहेर काढलं, पासवर्ड टाकून पुन्हा आत गेले, तर पहिला कागदही गेला होता. फाइली लहान करून बघितल्या. ब्राउझर बदलला. लॅपटॉप बंद करून चालू केला. साडेबारापर्यंत दोन कागद टिकले. तिसरा चढवताना पुन्हा सगळं पुसलं गेलं.

लाइट नसल्यामुळे गिरणी बंद होती. म्हणजे गिरणीचा दोष नाही. मी लगेच निष्कर्ष काढला, सर्व्हर डाऊन. शेवटचा दिवस, सगळीकडून गर्दी, असं होतंच.

“मावशी, माझ्या फाइलीत काही चुकलंय का?” मुलीने विचारलं.

“तुझं काही चुकलेलं नाही. सर्व्हर डाऊन आहे.”

दीड वाजता शाळेची भांडी घासून तिची आई आली. साडीचा पदर अजून खोचलेलाच होता. तिने मुलीच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“ताई, मी काय म्हणते, शहागडला जाऊन बघू का? तिथं मोठं केंद्र हाय म्हणत्यात.”

“तिथं काय वेगळा सर्व्हर आहे? सगळ्यांचा सर्व्हर एकच असतो. इथं होत नाही ते तिथं कसं होईल? जाण्या-येण्यात वेळ जाईल, तेवढ्यात इथं चालू झालं तर?”

“तेबी बराबर हाय,” ती म्हणाली आणि पायरीवर बसली.

दीड वाजला होता. शहागडला तासाभरात पोचता आलं असतं. माझ्या बोलण्यात शंकेचा सूरही नव्हता. असता तर ती उठली असती.

तीन वाजता मी खात्री करून घ्यायचं ठरवलं. टेस्टरचा एक तुकडा मुलीकडे दिला, दुसरा घेऊन ग्रामपंचायतीत गेले. शिपायाने दार उघडलं. डब्यातून वायर काढून टेस्टरला लावली. समोरून मुलगी ओरडली, “मावशी, आठही लागले!” मी वायर परत डब्यात लावली आणि रस्ता ओलांडून आले. वायर ठीक आहे, हे आता सिद्ध झालं होतं.

या एका गोष्टीवर मी नंतर बरेच दिवस विचार केला. मी त्या डब्यासमोर उभी होते. तिथे टेबल होतं, खुर्ची होती, इन्व्हर्टर होता. लॅपटॉप उचलून तिथे नेला असता आणि दोन हातांच्या वायरीने डब्याला जोडला असता, तर सहाच्या सहा कागद दहा मिनिटांत चढले असते. मी केलेली आखूड वायरही चालली असती, त्याच चुकीच्या क्रमाची. पण आठ दिवे बघितल्यावर लॅपटॉप नेण्याचं काही कारणच मला उरलं नव्हतं.

परत येऊन माझ्याकडचं टोक कापलं आणि नवीन बसवलं. चार वाजून गेले तरी तेच. मुलगी स्क्रीनवर फिरणाऱ्या चाकाकडे बघत होती. सव्वाचारला तिची आई उठली आणि म्हणाली, “ताई, मी कोणाची तरी गाडी बघते.” तेव्हा कुठे मी स्कूटी काढली आणि मुलीला मागे बसवलं.

पावसाने रस्त्याची खडी वर आलेली होती. कपाशीच्या रानांमधून एकच गाडी जाईल असा रस्ता, आणि समोरून ट्रॅक्टर आला की उतरून थांबायचं. हायवेला लागलो तेव्हा पाचला पाच कमी होते. ट्रकांच्या रांगेतून शहागड गाठेपर्यंत पाच वाजून गेले. तिथला केंद्रवाला चहा पीत बसला होता.

“पाचलाच बंद झालं की ते, ताई.”

“दिवसभर सर्व्हर डाऊन होता ना?”

“न्हाई बा. माझ्याकडं सकाळधरून बराबर चालू होतं. लई पोरींचे चढवले आज.”

मुलीने त्याच्याकडच्या माठातलं पाणी मागून घेतलं आणि प्यायली. परत येताना तिने फाइल आम्हा दोघींच्या मधे उभी धरली होती, कागद दुमडू नयेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी हेल्पलाइनला फोन लावले, ईमेल केले. मुदत संपली आहे, असं छापील उत्तर आलं. पुढच्या यादीत ती जागा दुसऱ्या कोणाला गेली. खाजगी कॉलेजांत जागा होत्या. त्या त्यांच्यासाठी नव्हत्या.

दहा-बारा दिवसांनी ग्रामपंचायतीचा डबाच बिघडला, तेव्हा तालुक्याचा तो ‘उद्या’वाला माणूस खरोखर आला. माझ्या वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला. डबा दुरुस्त झाल्यावर मी त्याला माझ्या वायरीबद्दल सांगितलं. त्याने काय केलं? आपला लॅपटॉप डब्याजवळच्या टेबलावर ठेवला आणि आखूड वायरीने जोडला. नेट धावलं. मग तोच लॅपटॉप माझ्या केंद्रात आणून लावला. नेट अडखळलं. झालं त्याचं निदान. माझ्याकडचं टोक त्याने उजेडात धरलं आणि चष्मा खाली ओढला.

“हे कोणी मारलंय?”

“मी.”

“हिरव्याशेजारी हिरवा का घातला?”

“मग कुठे घालायचा?”

“ताई, नेट एक, दोन, तीन आन सहा या चार जागांवरून चालतं. एक-दोनची एक जोडी, तीन-सहाची दुसरी. तीनवर पांढरा-हिरवा, तर सहावर हिरवाच पायजे. त्या दोघी पीळ घालून चालत्यात, म्हणून भाईरचा गोंधळ आत येत न्हाई. तुम्ही सहावर निळी आणून बसवली. आता तीनवाली एकीबरोबर पिळलेली आन काम दुसरीबरोबर करती. दोन हात चालंल. एवढ्या लांब न्हाई चालत.”

“पण टेस्टरवर आठही दिवे लागतात.”

“लागणारच की. तार तुटलेली न्हाई, एवढंच सांगतो तो. त्याला जोडी काय कळती?”

तो टोक बसवून द्यायला निघाला होता. मी म्हटलं, “राहू द्या, मी करते.” त्याच्यासमोर केलं. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जुन्या जालन्याच्या त्या माणसाने लिहिलं होतं तसं, अक्षर न् अक्षर. मग समोर जाऊन दुसरं टोक केलं. दोन्ही मिळून दहा मिनिटं लागली. समोर गिरणी धडधडत होती. मी एक मोठी फाइल चढवून बघितली. चाक फिरलंच नाही, सरळ गेली.

तो गेल्यावर मी कपाटाच्या दारावरचा कागद काढला. दुकानदाराचा बरोबर क्रम, त्यावर माझी ठळक खाडाखोड. चुलीत घातला.

माझ्या हातच्या बाकीच्या वायरी बदलायला मी गावात फिरले. मेडिकलवाला म्हणाला, “चालू हाय ना ताई? मंग कशाला हात लावता?” शाळेत म्हणाले, परीक्षा झाल्यावर बघू. दूध संकलनावर मी न विचारता बदलून टाकली. कोणाला फरक कळला नाही, कारण तिथे फरक नव्हताच. मी केलेल्या चुकीने जिचं नुकसान व्हायचं तिचं झालं होतं.

मुलीच्या आईला सांगायला आठवडा लावला. शाळेच्या मागच्या शेडमध्ये ती तांदूळ निवडत होती. मी उभ्या-उभ्या सांगितलं.

“त्या दिवशी सर्व्हर डाऊन नव्हता. माझी वायर चुकीची होती. तू शहागडला जाऊ म्हणालीस तेव्हा जायला हवं होतं. मी अडवलं.”

तिने सुपातले खडे बाजूला केले.

“वायर म्हंजी?”

“वायर मी केलेली. रंग चुकीचे लावले होते.”

“मुद्दाम केल्तं का?”

“नाही.”

“मंग.” ती परत तांदळाकडे वळली. मान वर न करता म्हणाली, “हे तिला सांगू नका, ताई.”

“तिला कळायला हवं.”

“काय करायचं कळून? सर्व्हरवर राग धरून बसलीय, बसू द्या. तुमच्यावर धरला तर ती तुमच्याकडं यायची न्हाई. मंग बाकीचे फारम कुठं भरंल? दर डावाला शहागडला जायला गाडी कुठली आमच्याकडं?”

मी तयारी करून गेले होते ती शिव्या ऐकायची. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मी म्हणणार नाही. त्याने मुलीची जागा परत येणार नव्हती. पण तिने हिशेब मांडला तो असा, की गावात केंद्र एकच आहे, आणि ते माझं आहे. मी आले तशी परत गेले.

मुलीने अंबडला बी. ए.ला नाव घातलं. रोज एसटीने जाते. घरी स्थळं यायला लागली आहेत, असं आई सांगते. परवा मुलगी सकाळीच आली. आरोग्य खात्यातल्या कसल्याशा भरतीचा अर्ज भरायचा होता. पात्रता बारावी, जागा थोड्या, अर्ज करणाऱ्या हजारो. हातात फाइल तीच होती.

“मावशी, सर्व्हर चालू हाय का आज?”

“आहे.”

मी अर्ज भरला. कागद एकेक करून चढवले. फोटो, सही, दहावी, बारावी, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर. प्रत्येकापुढे हिरवी खूण येत गेली. शेवटची खूण आली तेव्हा तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग स्क्रीनकडे, मग पुन्हा घड्याळाकडे.

“झालं?”

“झालं.”

“एवढाच वेळ लागतो का?”

“एवढाच लागतो.”

मी पावती छापून तिच्यासमोर धरली. तिने ती फाइलीत घातली, पायरीवर चप्पल घातली आणि एसटी चुकेल म्हणून पळत गेली.